डोंगरात मिसळून गेलेली घरे

गेल्या पौषात आपल्या मंडळाची सहल घाटमाथ्यावरच्या एका नावाजलेल्या ठिकाणी गेली होती, हे पुष्कळ भगिनींच्या लक्षात असेल. एस.टी.तून उतरून आपण कड्यापाशी गेलो. खाली खोल दरी, समोर निळ्या डोंगरांच्या रांगा आणि वारा असा की पदर सावरता सावरता पुरेवाट! आणि नेमकी कड्याच्या तोंडाशी सिमेंटची एक भली मोठी छत्री. अळंबीच्या आकाराची, लालभडक आणि तिच्यावर पांढरे ठिपके. तिच्या सावलीत बसून आपण डबे सोडले, तेव्हा तिचे उपकार मी नाकारत नाही. पण घरी आल्यावर मोबाइलवरचे फोटो पाहताना माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगो, डोंगर कुठे आहे? मला तर नुसती छत्रीच दिसते."

ते बोलणे माझ्या मनात राहिले. पुढे चैत्रातल्या सभेत ठरले की, रौप्यमहोत्सवानिमित्त देवीच्या टेकडीवर, पाखाडीच्या मध्यावर, मंडळाने एक लहानसा निवारा बांधावा. वर चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा होईल, मुलांना खेळायला चौथरा होईल. विचार फार चांगला. पण लगेच दोघीतिघी म्हणाल्या, "सहलीला पाहिली तशीच छत्री बांधू या." मी गप्प राहिले. चारचौघींत उठून बोलण्याचा मला धीर होत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा वाटले, सभेत जे बोलता आले नाही ते कागदावर तरी मांडावे.

माझी थोरली लेक घरे-इमारतींचे आराखडे काढण्याचे शिक्षण घेते. दिवाळीच्या सुट्टीत तिने एक चित्रांचे पुस्तक आणले होते. रात्री भांडी आवरली की ती वाचून मराठीत सांगे आणि मी ऐकत बसे. त्यात एका बाईंची हकीकत निघाली. डोंगरात इमारत कशी बांधावी, हे त्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. तीच हकीकत आज माझ्या वाचक भगिनींना सांगते.

उत्तर अमेरिकेत ॲरिझोना नावाचे राज्य आहे. तेथे कोलोराडो नदीने लाखो वर्षे खडक कापून एक प्रचंड दरी कोरली आहे. तिला ग्रँड कॅन्यन म्हणतात. लांबी सुमारे ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून अधिक. काठावर उभे राहिले की चिरोट्याचे पापुद्रे दिसावेत तसे खडकांचे थर एकाखाली एक दिसतात. तांबडे, पिवळे, राखी, जांभळट. आपल्या सह्याद्रीसारखी हिरवाई तेथे नाही. कोरडा, रखरखीत मुलूख. पण पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे असा.

१९०१ साली सांता फे रेल्वे या दरीच्या अगदी काठापर्यंत पोचली. त्यापूर्वी घोड्यांच्या गाडीतून हाडे खिळखिळी करून घेत जावे लागे. गाडी आली तसे प्रवासी आले. प्रवासी आले म्हणजे त्यांना राहायला, जेवायला, बसायला जागा हवी. आणि येथेच प्रश्न उभा राहिला. अशा जागी माणसाने बांधायचे तरी काय आणि कसे?

१९०५ च्या जानेवारीत दरीच्या काठी दोन इमारती समोरासमोर उघडल्या. पहिली एल तोवार नावाचे मोठे हॉटेल. चार्ल्स व्हिटल्सी या वास्तुकाराने त्याचा आराखडा केला. त्याचे मोठमोठे ओंडके दूरच्या ऑरेगन राज्यातून रेल्वेने आणले आणि त्याला युरोपातल्या पहाडी बंगल्यांचे रूप दिले. हॉटेल देखणे आहे, आजही चालू आहे. पण लाकूडही परगावचे आणि रूपही परगावचे.

त्याच्या समोर दुसरी इमारत उभी राहिली, तिचे नाव होपी हाउस. होपी हे त्याच मुलखात शेकडो वर्षे राहणारे मूळचे लोक. त्यांच्या ओरायबी गावातल्या घरांवरून हे घर घडवले. दगडमातीच्या जाड भिंती, एकावर एक पायरीसारखे चढत गेलेले मजले, बाहेरून लावलेल्या शिड्या, ठेंगणी दारे, लहान खिडक्या. छपराला ओंडके, त्यांवर फांद्या, त्यांवर काटक्या-गवत आणि वर मातीचा लेप. बांधकामावर होपी कारागीरच होते. घर पुरे झाले तेव्हा ते नव्याने बांधले असे वाटेना. जमिनीचाच एक तुकडा उचलून उभा केला असावा, असे ते दिसू लागले. भिंती जाड आणि खिडक्या लहान का, तर त्या मुलखात उन्हाळा कडक आणि रात्री थंड. जाड भिंत दिवसा ऊन आत येऊ देत नाही आणि रात्री ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपल्या आज्यांच्या मातीच्या घरांत हेच होत असे, ते आपण जाणतोच.

हे होपी हाउस ज्यांनी योजले त्या मेरी एलिझाबेथ जेन कोल्टर. पुढे मी त्यांना कोल्टरबाईच म्हणते. त्यांचा जन्म ४ एप्रिल १८६९ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. बालपणाचा पुष्कळसा काळ सेंट पॉल या गावी गेला. लहानपणची एक गोष्ट सांगतात. एका नातेवाइकांनी त्यांना सू नावाच्या मूळच्या जमातीतील माणसांनी काढलेली काही चित्रे दिली होती. पुढे त्या लोकांत देवीची साथ आली. रोग घरात शिरू नये म्हणून आईने त्यांच्याकडून आलेल्या साऱ्या वस्तू जाळायला काढल्या. मेरीने ती चित्रे आपल्या गादीखाली लपवली आणि जन्मभर सांभाळली. आईचेही चुकले नाही. लेकरांच्या जिवापुढे कागदाची काय मातब्बरी? पण ज्या मुलीला त्या वयात त्या रेघांची एवढी ओढ वाटली, तिचा पिंड कोणता हे तेव्हाच कळत होते.

१८८६ साली वडील वारले. मेरी सतरा वर्षांची. घरात आई आणि बहीण. मिळवते कोणीच नाही. तेव्हा तिने आईची समजूत घातली की, मला सॅन फ्रान्सिस्कोला चित्रकला शिकू द्या, मग मी घर चालवीन. शिकता शिकता तिने एका वास्तुकाराच्या कचेरीतही उमेदवारी केली. परत येऊन सेंट पॉलच्या एका शाळेत मुलांना रेखाटन शिकवण्याची नोकरी धरली आणि ती सुमारे पंधरा वर्षे केली. लग्न केले नाही.

१९०२ साली फ्रेड हार्वे कंपनीने त्यांना उन्हाळ्यापुरते काम दिले. ही कंपनी सांता फे रेल्वेच्या मार्गावर हॉटेले आणि खाणावळी चालवी. अल्बुकर्क येथे मूळच्या लोकांच्या हस्तकलेचे दालन सजवायचे होते. ते काम पसंत पडले आणि त्यातून होपी हाउस आले. १९१० मध्ये कंपनीने त्यांना कायमचे ठेवून घेतले, ते थेट १९४८ पर्यंत. म्हणजे खरी नोकरी सुरू झाली ती चाळिशी ओलांडल्यावर! आपल्यापैकी ज्यांना वाटते की चाळिशी उलटली, आता काय नवे करायचे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९१४ साली कोल्टरबाई पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या एका वर्षात त्यांच्या हातून दरीकाठी दोन इमारती झाल्या आणि दोन्हींत पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

पहिली लुकआउट स्टुडिओ. प्रवाशांनी येथे यावे, दुर्बिणीतून दरी पाहावी, चित्रे-पत्रे विकत घ्यावीत यासाठी ही जागा. ती बरोबर कड्याच्या धारेवर आहे. म्हणजे आपली लाल छत्री जेथे होती तसल्याच जागी. पण कोल्टरबाईंनी भिंतीसाठी त्याच कड्याचा चुनखडीचा दगड घेतला. तो तासला नाही, घासला नाही. आपण गडगा रचतो तसा ओबडधोबडच ठेवला. छपराची कड सरळ आखली नाही. जवळच्या कड्याची धार जशी खालीवर होत जाते, तशीच भिंतीची वरची कड खालीवर होऊ दिली. धुराडेही दगडांचा ढीग सहज साचावा तसे रचले. दूरच्या कड्यावरून पाहणाऱ्याला खडक कोठे संपला आणि इमारत कोठे सुरू झाली, हे पटकन कळत नाही. मी तो फोटो पाहिला तेव्हा लेकीला विचारले, "घर कुठे आहे?" ती हसून म्हणाली, "आई, हेच तर त्यांना हवं होतं!"

सासूबाईंनी विचारले, डोंगर कुठे आहे. मी विचारले, घर कुठे आहे. भगिनींनो, या दोन प्रश्नांतच माझा सारा लेख आला.

दुसरी इमारत हर्मिट्स रेस्ट, म्हणजे संन्याशाचा विसावा. गावापासून पश्चिमेला रस्ता संपतो तेथे, घोडागाडीने आलेल्या प्रवाशांना विश्रांतीसाठी ही बांधली. दगडांची कमान, त्यात टांगलेली जुनी घंटा आणि मागे मातीदगडांच्या उंचवट्यात अर्धे दडलेले घर. आत भिंतीत अंग शेकण्यासाठी एवढी मोठी चूल की तिच्यापुढे माणसे ओळीने बसतात. चुलीच्या दगडांवर नवेपणीच काजळी धरवली होती आणि कोपऱ्यांत कोळिष्टकेही राहू दिली होती, असे सांगतात. रेल्वेच्या माणसांनी थट्टा केली की, बाई, जरा झाडलोट तरी करा. त्यावर त्या हसल्या आणि हे जुनेपण आणायला किती खर्च आला याची तुम्हाला कल्पना नाही, अशा अर्थाचे काही म्हणाल्या.

येथे मला थोडे वेगळे वाटते, ते सांगते. दगड जसा आहे तसा लावणे हा खरेपणा झाला. पण नव्या चुलीला मुद्दाम काजळी फासणे हे नाटकातल्या देखाव्यासारखे झाले. ज्या बायकांनी जन्मभर चुलीची काजळी खरवडली त्यांना याचे कौतुक वाटणे कठीण! कोल्टरबाईंच्या कामातले घ्यायचे ते दगडाचे शहाणपण. काजळी आपली आपण धरेल.

१९२२ साली त्यांनी दरीच्या अगदी तळाशी, नदीजवळच्या एका ओढ्याकाठी, फँटम रँच नावाची वस्ती बांधली. तेथे गाडीरस्ता नव्हता, आजही नाही. पायी जावे किंवा खेचरावर बसून. बांधकामाचे सारे सामान खेचरांच्या पाठीवरून खाली नेले. फक्त दगड तेवढा तेथलाच घेतला. ज्या जागी प्रत्येक खिळा आणि फळी पाठीवरून न्यावी लागते, तेथे माणूस आपोआप विचारतो की याची खरोखर गरज आहे का. आपल्या पाखाडीवरही रेती-सिमेंटची घमेली डोक्यावरूनच जाणार आहेत. ती कोणाच्या डोक्यावरून जातील, हे मी सांगायला नको.

सगळ्यांत प्रसिद्ध काम म्हणजे १९३२ चा टेहळणी बुरूज. डेझर्ट व्ह्यू या जागी दरीच्या पूर्व टोकाला तो उभा आहे. उंची सुमारे ७० फूट, पायथ्याशी घेर रुंद आणि वर निमुळता. या मुलखात मूळच्या लोकांनी फार पूर्वी बांधलेले दगडी बुरूज पडझड होऊन उभे आहेत. ते पाहण्यासाठी कोल्टरबाईंनी लहानसे विमान भाड्याने घेऊन वरून अवशेष हेरले आणि मग जमिनीवरून जाऊन दगडाची रचना टिपून घेतली. वय साठीच्या पुढे! परत येऊन मातीची प्रतिकृती केली. तेवढ्यानेही भागले नाही. बुरूज जेथे उभारायचा तेथे ७० फूट उंचीचा लाकडी मचाण बांधवून घेतला. वरून काय दिसते ते आधी डोळ्यांनी पाहिले आणि मगच पाया घातला.

त्या बुरुजाच्या आत पोलादी सांगाडा आहे. रेल्वेचे पूल बांधणाऱ्या माणसांनी तो उभारला. बाहेरून मात्र आसपासचा दगड. तो फोडून लावला असता तर त्यावर छिन्नीचे घाव दिसले असते. म्हणून ऊनपावसाने झिजलेला, रंग पालटलेला दगड शोधून, ती झिजलेली बाजूच बाहेर ठेवून बसवला. मनासारखे झाले नाही तर लावलेला भाग उतरवून पुन्हा लावायला त्या सांगत, अशी त्यांची ख्याती होती. गवंड्यांचा जीव किती मेटाकुटीला आला असेल! आत होपी चित्रकार फ्रेड काबोटी यांनी भिंतींवर आपल्या लोकांच्या कथांची चित्रे काढली. कोल्टरबाईंनी या बुरुजाविषयी माहितीची एक पुस्तिकाही लिहिली, म्हणजे प्रवाशांना घेऊन येणाऱ्या गाडीवानांनी आणि वाटाड्यांनी भलतेच काही सांगू नये.

आणि १९३५ साली ब्राइट एंजल लॉज. खिशाला परवडेल अशी राहण्याची सोय म्हणून हे बांधले. येथे दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली अशी की, तेथली काही जुनी घरे पाडून टाकण्याचा विचार होता. पण कोल्टरबाईंनी त्यांतली निवडक घरे राखली आणि नव्या इमारतींच्या घोळक्यात सामावून घेतली. त्यांतले एक लाकडी घर १८९० च्या दशकातले. दुसरी गोष्ट तेथली चूल. सुमारे दहा फूट उंचीच्या या चुलीत दरीतला प्रत्येक थराचा दगड जसा दरीत आहे त्याच क्रमाने रचला आहे. तळाशी नदीपात्रातले दगड आणि सर्वांत वर काठावरचा चुनखडीचा. क्रम चुकू नये म्हणून भूगर्भशास्त्र जाणणारे एडविन मकी यांची मदत घेतली. म्हणजे ज्याला दरीत उतरणे झेपत नाही, त्या म्हाताऱ्या माणसालाही चुलीपुढे बसल्या बसल्या दरीची ओळख व्हावी. अक्षरओळख नसली तरी वाचता येईल असे ते पुस्तकच झाले.

कोल्टरबाई या वाटेने एकट्याच चालत होत्या असे नाही. १९१६ साली अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचे खाते स्थापन झाले. १९१८ साली त्या खात्याला सरकारी धोरण ठरवून मिळाले की, उद्यानातले रस्ते, वाटा आणि इमारती भोवतालच्या निसर्गाशी मेळ राखूनच कराव्यात. १९३८ साली अल्बर्ट गुड यांनी संपादित केलेला तीन भागांचा ग्रंथ त्या खात्याने काढला. त्यात उद्यानातल्या पायऱ्या, कठडे, पाण्याचे नळ, बाकडी, निवारे, सारे काही चित्रांसह दिले आहे. साध्या बाकड्याचाही विचार तेथे केलेला आहे.

त्या साऱ्यांतून लेकीने मला चार नियम काढून दिले, ते सोप्या भाषेत असे. एक, दगड-लाकूड शक्यतो जवळचेच घ्यावे, म्हणजे रंग आपोआप जुळतो. दोन, इमारत ठेंगणी आणि पसरट असावी, डोंगरावर मान वर काढणारी नसावी. तीन, राकट जागी नाजूक काम करू नये. मोठ्या कड्यापुढे बारीक दगड आणि बारीक खांब खेळण्यासारखे दिसतात. तेथे मोठे दगड हवेत आणि जड दगड खाली हवेत. चार, सरळ दोरीत आखलेल्या रेघा आणि भडक रंग टाळावेत, कारण डोंगरात त्या नसतात आणि डोळा आधी तेथेच जातो. कोल्टरबाईंचा बुरूज उंच आहे, तो दुसऱ्या नियमाला अपवाद. पण जुन्या बुरुजांचे रूप आणि तेथलाच दगड घेतल्यामुळे तो खपून गेला.

आता या हकीकतीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर लेख अपुरा राहील.

होपी हाउसात होपी कुटुंबे वरच्या मजल्यावर राहत. खाली बसून त्यांनी विणावे, मडकी घडवावीत आणि प्रवाशांनी पाहावे, विकत घ्यावे अशी कंपनीची योजना होती. १९०५ साली नांपेयो नावाची होपी मुलखातली थोर कुंभारीण तेथे येऊन राहिली होती. जुन्या खापरांवरची नक्षी पाहून तिने आपल्या लोकांची विसरत चाललेली कला पुन्हा जिवंत केली. तिला मान मिळाला, पैसाही मिळाला. पण कोणी आपल्या अंगणात येऊन आपल्याला प्रदर्शनातल्या वस्तूसारखे न्याहाळावे, यात मनाला बोचणारे काही नाही का?

त्याहून मोठी गोष्ट हावासुपाई लोकांची. ते त्या दरीतच राहत, तळाशी झऱ्याकाठी शेती करीत आणि वरच्या पठारावर शिकार करीत. १८८२ साली सरकारने त्यांना एका उपदरीत अवघी ५१८ एकर जमीन नेमून दिली. १९१९ साली ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले. दरीतल्या झऱ्याकाठच्या बागेत राहणाऱ्या शेवटच्या हावासुपाई माणसाला १९२८ साली तेथून काढण्यात आले. पाहुण्यांसाठी घरे बांधली, त्यांना जुन्या घरांचे रूपही दिले. आणि ज्यांचे घर होते त्यांनाच उठवले. पुष्कळ वर्षे भांडून १९७५ साली त्यांना सुमारे १,८५,००० एकर जमीन परत मिळाली आणि २०२२ साली त्या बागेला अधिकृतपणे हावासुपाई यांचेच नाव देण्यात आले. अलीकडच्या वर्षांत डेझर्ट व्ह्यूच्या बुरुजापाशी त्या त्या जमातीची माणसे स्वतः आपली कला दाखवतात आणि आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगतात. हा बदल चांगला आहे. उशिरा झाला, एवढेच.

तेव्हा दगड जुळला म्हणजे सारे जुळले असे नव्हे. डोंगराशी मेळ राखायचा तर डोंगरावरच्या माणसांशीही राखायला हवा.

कोल्टरबाईंच्या नावाचेही असेच झाले. त्यांच्यापाशी वास्तुकाराचा परवाना नव्हता. बांधकामाचे नकाशे रेल्वेच्या कचेरीतले पुरुष वास्तुकार तयार करीत. त्यामुळे यातले कोल्टरबाईंचे किती आणि कचेरीचे किती, यावर आजही कोणी कोणी वाद घालतात. पण त्या उद्यानाच्या नोंदीत या इमारतींपुढे नाव त्यांचेच आहे. त्यांनी केलेल्या काही इमारती त्यांच्या डोळ्यांदेखत गेल्या. गॅलप गावचे त्यांचे एक हॉटेल १९५७ साली पाडले. त्याच वर्षी विन्स्लो येथले ला पोसादा हॉटेल बंद पडले. माणसाने फार जगू नये, अशा अर्थाचे त्या तेव्हा बोलल्या, असे सांगतात. ८ जानेवारी १९५८ रोजी त्या वारल्या. पुढे १९८७ साली होपी हाउस, लुकआउट स्टुडिओ, हर्मिट्स रेस्ट आणि टेहळणी बुरूज या चारही इमारतींना त्यांच्याच नावाने राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून मान्यता मिळाली. ला पोसादाही १९९७ पासून पुन्हा सुरू झाले. पण हे पाहायला बाई नव्हत्या.

मला वाटते, जे काम डोळ्यांत भरत नाही त्याच्या वाट्याला हे येतेच. घर झाडलेले असले की कोणी पाहत नाही, न झाडलेले मात्र साऱ्यांना दिसते. कोल्टरबाईंनी तर जन्मभर कष्ट केले ते आपले काम दिसू नये म्हणूनच. लोकांनी दरी पाहावी, आपली इमारत नव्हे, असे म्हणायला मोठे मन लागते आणि ते साधायला दुप्पट मेहनत लागते.

आता आपल्या टेकडीविषयी.

लेख लिहायला घेतल्यावर मी आपल्या गावच्या गवंडीकाकांना विचारले. ते म्हणाले, "वहिनी, जांभ्याचा चिरा आपल्याच खाणीतला मिळेल. वर कौलं घाला. पावसाचा मार दक्षिण-पश्चिमेकडून येतो, तिकडची भिंत बंद ठेवा आणि दरीची बाजू उघडी सोडा. गिलावा कशाला हवा? जांभा दोन पावसांत काळा पडतो, शेवाळ धरतो, मग सड्यावर वेगळा दिसतसुद्धा नाही." भगिनींनो, कोल्टरबाईंचे नाव या माणसाने ऐकलेले नाही. पण बोलला तेच.

नंतर टेकडीवरच्या धनगरवाड्यातल्या एका आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता त्या वळणावर बांधू नका. पावसाळ्यात वरचं पाणी तिथूनच उतरतं. त्याच्या अंगाला, उंबराच्या सावलीत बांधा. तिथं आम्ही भारा टेकवतो." किती वर्षे आपण ती पाखाडी चढतो आहोत! पण पाणी कोठून उतरते हे आपल्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हते आणि ज्यांना ठाऊक होते त्यांना सभेत बोलावण्याचे आपल्याला सुचले नाही. सुचले नाही त्यात मीही आलेच.

तेव्हा माझी मंडळाला विनंती अशी. निवारा जरूर बांधावा. पण जांभ्याचा, कौलारू, ठेंगणा आणि दरीकडे तोंड असलेला. काम काढण्यापूर्वी चार बांबू रोवून वर कापड ताणावे आणि एक दिवस तेथे बसून पाहावे की डोंगर नीट दिसतो की नाही. ७० फुटी मचाण आपल्याला झेपणार नाही, चार बांबू झेपतील. पुढल्या सभेला धनगरवाड्यातल्या बायकांना आणि गवंडीकाकांना आदराने बोलवावे. भारा टेकवायला कंबरभर उंचीचा एक कट्टा बाहेरच्या अंगाला ठेवावा. आणि देणगीदारांच्या नावांची पाटी लावायचीच असेल, तर ती लहान असावी आणि आतल्या भिंतीवर असावी.

माझे म्हणणे चुकीचे वाटले तर सभेत सांगावे. मी ऐकून घेईन. पण लाल छत्रीचा ठराव मात्र घाईने करू नये. पंचवीस वर्षांनी आपल्या नातीसुना त्या पाखाडीवर बसून फोटो काढतील, तेव्हा एखाद्या सासूबाईंनी पाहून म्हणावे, "किती छान दिसतो हो आपला डोंगर!" निवाऱ्याचे नाव त्यांनी काढले नाही तरी चालेल. आपले काम नीट झाले, असे आपण समजू.